देवकी काहून बोलत नाही

माही देवकी मुकी आहे हे मले बाहेरून समजलं. मले, तिच्या मायले! जे पोरगी दिवसभर "माय, कावळ्याले घर काहून नाही? माय, चंद्र कोणाच्या घरी जेवते?" असं इचारून माह्या डोक्याचा भुगा करते, थे मुकी आहे म्हणून कॉलेजातल्या मोठ्या मोठ्या लोकायले माहीत, अन् मलेच पत्ता नाही. आता बोला!

पहिले घरचं सांगते, म्हणजे तुमचा घोटाळा होणार नाही. घोटाळ्यात मी एकटी पडली तेवढं पुरे. बर्डीवर आमचं घर. घरात मामाजी, म्हणजे माहे सासरे नत्थूजी, देवकीचे आबाजी. मूळचे खापा गावचे. सरकारी कचेरीत जमादार होते, आता पेन्शनवर ओसरीत बसून राहतात. मंग आमचे हे. नाव घेऊन टाकते एकदाचं, बाबाराव. हे कॉलेजात प्रयोगाच्या खोलीत यंत्रं पुसाच्या कामावर. मी कौशल्या, अन् माही देवकी. सासू माह्या लग्नाआधीच गेल्या.

मामाजी माणूस सोन्यासारखा, पण रीत म्हणजे रीत. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडाचं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून मामाजीनं माहा आवाज ऐकला नाही. पदर हनुवटीपर्यंत, अन् जे काय सांगाचं थे बांगड्यायनं. ताट वाढलं, बांगड्या वाजवा. दारात कोणी आलं, बांगड्या वाजवा. मामाजी देवळात निघाले की काठी हटकून विसरतात. मंग मी दारामागून बांगड्या वाजवते, देवकी धावत जाऊन काठी हातात देते, अन् थे म्हणतात, "पोरगी मोठी हुशार आहे." एवढं सगळं बांगड्यायवर चालून राहिलं होतं, कोणाचं काही अडत नव्हतं.

तं एके दिवशी संध्याकाळी हे ओसरीत मामाजीजवळ बसून सांगाले लागले. "आमचे मार्तंडराव प्रोफेसर अन् एक डॉक्टरसाहेब मिळून नवीन अभ्यास करून राहिले. लहान लेकरू कोणत्या वयात कोणता शब्द बोलते, त्याचे कान कसे, जीभ कशी, आवाज हवेतून कसा जाते, सगळं पाहून राहिले. मी म्हणलं, साहेब, माही पोरगी चार वर्षाची झाली, अजून तोंडातून शब्द नाही. थे म्हणले, घेऊन या."

मी चुलीजवळ होती. हातातला पळा खाली पडला. कोणाची पोरगी? शब्द नाही? मी दारामागं जाऊन बांगड्या अशा वाजवल्या, अशा वाजवल्या, की एक फुटली.

मामाजी म्हणाले, "पाहा, सूनबाईलेही आनंद झाला."

देवकी झोपल्यावर मी ह्यायले धरलं. लेकरू जागं अन् मामाजी ओसरीत, तोवर आमचं दोघायचंही बोलणं होत नाही. मी म्हणलं, "तुम्हाले कोणी सांगतलं पोरगी मुकी आहे म्हणून? झोप लागेपर्यंत बोलत राहते थे!"

"कोणाजवळ?"

"माह्याजवळ, कानात. विहिरीवर शेजारच्या यमुताईजवळ. मामाजी देवळात गेले की तं तिच्या तोंडाले खीळच नाही."

हे माह्याकडं असे पाहत राहिले, जसा मलेच ताप भरला. म्हणे, "मायचं काळीज आहे कौशल्या. तुले वाटते थे बोलून राहिली. मी बाप आहे, मी एक शब्द ऐकला नाही. आबाजीनं ऐकला नाही. कवडू भाजीवाल्यानं ऐकला नाही. मंग काय आम्ही सगळेच बहिरे?"

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगू? मनात घोळही झाला. एवढे बाप्ये माणसं, अन् कोणीच ऐकलं नसन तं? म्हणलं, "रविवारी दारामागं लपा अन् ऐका."

लपले बिचारे. पण दाराखालून ह्यायच्या पायाची बोटं दिसून राहिली होती. देवकी भाकरीच्या पिठाची चिमणी करून तिच्यासंग बोलत होती, तिले थे बोटं दिसली. झालं. चूप! अन् वरून तिनं आपलं पिठाचं बोट माह्या ओठावर ठेवलं. मी म्हणलं, "बोल ना वं माहे राणी, चिमणी काय म्हणून राहिली होती?" तं तिनं माहं तोंडच दाबून धरलं.

हे बाहेर आले. "ऐकलं मी," म्हणे. "तुहाच आवाज ऐकला."

दुपारी एकटी सापडली तेव्हा मी तिले मांडीवर घेऊन इचारलं, "काहून बोलत नाही वं बाबापुढं? भेव वाटते का? कोणी काही म्हणलं का तुले?"

थे मलेच खुळी समजून हासली. "माय, बोलाचं नसते ना."

"कोणी सांगतलं?"

"कोणीच नाही."

मले काही समजेना. कोणाची नजर लागली? विहिरीवर काही दिसलं? मी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. यमुताई साक्ष द्याले तयार होती, पण मामाजीपुढं तिचाही पदर हनुवटीलेच. तिनं आपल्या घरधन्याजवळ, रुपरावभाऊजवळ निरोप देला. त्यायनं ओसरीत येऊन मामाजीले काय सांगावं? "आमच्या घरच्यायले चिमण्याही बोलतांनी ऐकू येतात." सगळे बाप्ये खो खो हासले. दाराच्या आत आम्ही दोघी अन् देवकी, तिघीच्या तिघी मुक्या.

मामाजीसंग सगळे कॉलेजात गेलो. मोठी खोली, काचेच्या नळ्या, तारा, अन् कसला तरी आंबट वास. मार्तंडराव प्रोफेसर सडपातळ, कोटाले खडू लागलेला, बोलणं मऊ. त्यायनं एक लोखंडी चिमटा टेबलावर ठोकला, तं थो असा गुणगुणाले लागला जसा घागरीत भुंगा. देवकीनं गर्रकन मान वळवली. मागून शिट्टी वाजवली, मान वळवली. हळूच कागद चुरगळला, तरी वळवली.

"कान उत्तम आहेत," प्रोफेसर म्हणाले. मंग त्यायनं काटोलचं हे मोठं संत्रं पुढं धरलं. "बाळ, हे काय आहे? नाव सांग, की तुझंच."

देवकीनं संत्र्याकडं पाहालं, प्रोफेसराकडं पाहालं, मान खाली घातली. तोंडाले पाणी सुटलं होतं तिच्या, मले दिसून राहिलं होतं. पण नाव घेतलं नाही. घरी आल्यावर चुलीपुढं बसून माह्या कानात म्हणते, "माय, थ्या मास्तरचं संत्रं तं नारळाएवढं होतं वं!" मले हासावं की रडावं समजेना.

डॉक्टरसाहेब मात्र घाईचे. त्यायनं देवकीचं तोंड उघडून आरसा घातला, जीभ वर केली. "ऐकू येतं, समजतं, आणि तरी बोलत नाही. म्हणजे दोष जिभेत. हा बघा, खालचा पडदा आखूड दिसतो. कात्रीनं जरा मोकळा केला की झालं. मंगळवारी दवाखान्यात घेऊन या."

कात्री! माह्या लेकराच्या जिभेले कात्री! जे जीभ "खुळखुळा" म्हणते, "गुळाची पोळी" म्हणते, यमुताईच्या सुनेची नक्कल करते, थे आखूड? मले ओरडून सांगाचं होतं. पण मामाजी बाजूलेच उभे. मी तोंड उघडलं पदरामधी, अन् आवाजच निघाला नाही. बांगड्या वाजवल्या, तं डॉक्टर म्हणाले, "बाई घाबरल्या. त्यांना पाणी द्या."

अन् मामाजीचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "साहेब, कापा. एकदा ह्या पोरीनं मले 'आबाजी' म्हणून हाक मारली, मंग मले काहीच नको." त्यायच्यावर राग तरी कसा करावा? नातीवर एवढा जीव की तिच्या वाटीतला गूळ आधी आपण चाखतात, कडू तं नाही म्हणून. अन् त्याच जिवापायी तिची जीभ कापाले निघाले.

प्रोफेसर जरा घुटमळले. डॉक्टरले म्हणाले, "एकदा या मायलेकी एकट्या असताना काय होतं ते ऐकायला हवं. घाई नको. मी माझं भोंग्याचं यंत्र यांच्या घरी पाठवतो." माह्या जिवात जीव आला. वाटलं, देव कोटात खडू भरून आला.

सोमवारी यंत्र आलं. लाकडी पेटी, वर मेणाची नळी, अन् पितळेचा भोंगा धोतऱ्याच्या फुलासारखा. संग प्रोफेसर स्वतः आले. ओसरीत मामाजी, हे अन् थे, मी दारामागं. प्रोफेसरानं सांगतलं, "आम्ही सगळे बाहेर जाऊ. तुम्ही मुलीला याच्याजवळ बसवा, नेहमीसारखं बोलू द्या. बोललेलं सगळं मेणावर उमटतं. मी बाबारावांना दाखवलं आहे, काय कसं करायचं ते. समजलं ना, बाई?"

मले इचाराचं होतं. हे आपोआप सुरू होते की काही करावं लागते? पण कोणाले इचारू? मामाजी तिथंच. मी बांगड्या वाजवल्या. प्रोफेसर म्हणाले, "छान." हे म्हणाले, "भोंग्याजवळ बोला म्हणजे झालं," अन् निघाले. यंत्राचं दाखवलेलं मले सांगाची ह्यायले गरज वाटली नाही. पोरगी बोलतच नाही असं ह्यायले पक्कं वाटत होतं ना, मंग कायले सांगतील?

बाप्ये गेले अन् मी दाराले कडी लावली. देवकी भोंग्यात डोकं घालून म्हणते, "माय, ह्याच्यात कोण राहते?" मी म्हणलं, "राजा राहते. त्याले सांग सगळं." तं काय सांगू तुम्हाले! पोरीनं आपलं सगळं भांडार उघडलं. कावळा सांगतला, चंद्र सांगतला, आबाजी रोज माह्या वाटीतला गूळ खातात हे सांगतलं, बाबाच्या नाकात केस आहेत हे सांगतलं, मास्तरचं संत्रं सांगतलं. माहे डोळे वाहत होते अन् मी हासत होती. म्हणलं, बोल माहे बाय, बोल. आता सगळे ऐकतील. वरून मीही भोंग्याजवळ तोंड नेलं, पदर मागं टाकला अन् म्हणलं, "मामाजी, मी कौशल्या. पोरगी बोलते. कात्री लावू नका." ऐकणारं कोणी नव्हतं तरी छाती धडधडली.

त्या सांजेले मी पुरणाच्या पोळ्या केल्या. यंत्र परत नेऊन हे कॉलेजातून आले तं तोंड असं, जसं कोणाले मसणात पोहोचवून आले.

"काय म्हणाले प्रोफेसरसाहेब?" देवकी झोपल्यावर मी इचारलं.

"काय म्हणतील? भोंग्यातून नुसती खरखर. एक शब्द नाही. मेणावर ओरखडासुद्धा नाही."

"असं कसं? दुपारभर बोलली थे! मीही बोलली!"

"चावी देली होती का? सुई टेकवली होती का मेणावर?"

"कोणती चावी?"

हे कपाळाले हात लावून बसले. पण ह्यायच्या डोळ्यात मले दिसलं, ह्यायले वाटून राहिलं होतं की चावीचं निमित्त आहे, मी लेकराले वाचवाले खोटं बोलून राहिली. मले तं वाटलं, थ्या यंत्रालेही माह्यासारखंच सासऱ्यापुढं तोंड उघडता येत नाही का? एवढं सगळं सांगतलं त्याच्याजवळ, गेलं कुठी? माह्या पोरीचे एवढे शब्द हवेत विरून गेले, अन् कात्री उद्यावर आली. मी पोळ्यायकडं पाहत रडली. देवाचाही राग आला, प्रोफेसराचाही, ह्यायचाही, अन् सगळ्यात जास्त त्या पितळेच्या भोंग्याचा.

मंगळवारी आम्ही दवाखान्यात. पांढऱ्या भिंती, उकळत्या पाण्यात कात्री खळखळ वाजून राहिली. प्रोफेसरही आले होते, बेचैन होऊन खिडकीजवळ उभे. मामाजी बाकावर, दोन्ही हात काठीवर. हे दाराजवळ. मले खुर्चीवर बसवलं, देवकी मांडीवर.

डॉक्टर म्हणाले, "बाई, मुलीला सांगा, तोंड उघड म्हणावं."

मी काय केलं? जे रोज करते थेच. मान खाली घातली, पदर ओढला अन् बांगड्या वाजवून तिच्या हनुवटीले हात लावला.

डॉक्टर वाकले. देवकीकडं पाहून म्हणाले, "हं, बेटा?"

अन् देवकीनं मान खाली घातली. फ्रॉकची झालर उचलून डोक्यावर ओढली, हनुवटीपर्यंत. अन् आपल्या त्या एवढ्याशा हिरव्या बांगड्या वाजवल्या.

माय वं! हे मी होती. माह्या मांडीवर मीच बसून राहिली होती. "बोलाचं नसते ना," म्हणाली होती पोरगी, "कोणीच नाही सांगतलं," म्हणाली होती, अन् मी नजर उतरवत बसली! बाप्या माणूस समोर आला की बाईनं बोलाचं नसते, हे तिनं माह्याकडूनच उचललं. जसं चालणं उचललं, जसं भाकर थापणं उचललं.

डॉक्टरनं कात्री बाहेर काढली. पाणी निथळत होतं तिचं.

"थांबा!"

हे कोण बोललं म्हणून मीच इकडंतिकडं पाहालं. मंग समजलं, मीच. पदर मागं गेला होता. "थांबा डॉक्टरसाहेब! माही पोरगी बोलते! कात्री लावाल तं हात तोडून टाकीन तुमचा!"

डॉक्टर कात्री धरून तसेच. प्रोफेसर खिडकीपासून वळले. ह्यायचं तोंड उघडंच राहिलं. मामाजीकडं पाहाची माही हिंमत नव्हती. कान तापून लाल झाले होते, लाज म्हणजे काय लाज वाटून राहिली होती.

देवकीनं डोक्यावरची झालर काढली. माह्या तोंडाकडं पाहालं, मंग मामाजीकडं, मंग परत माह्या तोंडाकडं. डोळे हे एवढे मोठे झालेले. अन् सगळ्यायपुढं, मोकळ्या आवाजात इचारलं,

"माय, आता बोलाचं का आपण?"

हुंदकाच आला. मी नुसती मान हलवली, तं पोरगी म्हणते, "असं नाही, तोंडानं सांग."

"हाव," मी म्हणलं. "बोल. बोलाचं आता."

मंग काय इचारता! "आबाजी, तुम्ही रोज माह्या वाटीतला गूळ खाता! बाबा, तुमची बोटं दिसून राहिली होती! मास्तर, थे संत्रं होतं, मले माहीत होतं, द्या आता!" हे भिंतीले टेकून खाली बसले अन् लहान लेकरासारखे रडाले लागले. प्रोफेसर खिसे चाचपत राहिले, संत्रं कुठून आणतील बिचारे? डॉक्टर कात्री ठेवून म्हणाले, "पण मग पडदा... कान... हे कशात बसवायचं?" अन् प्रोफेसर म्हणाले, "काही कळत नाही, डॉक्टर. आपण कान तपासले, जीभ तपासली. घर तपासायचं राहिलं."

मामाजी उठले, देवकीले उचललं अन् सरळ बाहेर टांग्यात जाऊन बसले.

टांगा निघाला. मामाजी अन् देवकी पुढं, आम्ही दोघं मागं. मी सवयीनं पदर ओढून घेतला होता, तोंड मिटलं होतं. मले वाटलं, झालं थे झालं, आता घरी गेल्यावर काय होते कोण जाणे. देवकी थ्या घोड्याचं, थ्या माणसाचं काहीबाही सांगत होती. मंग तिनं मागं वळून माह्याकडं पाहालं. पदर पाहाला. अन् चूप झाली.

मामाजी वाट पाहत राहिले. टांगा टेकडीजवळून गेला, तरी चूप. मंग त्यायनंही मागं वळून पाहालं, माह्याकडं.

"सूनबाई," म्हणाले, "तुहा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला. तू बोलशील तं हे पोरगी बोलन. काही तरी बोल वं बाई. काहीही."

काय बोलू? एवढ्या वर्षायचं साचलेलं, अन् एक शब्द सापडेना. त्यायच्या हातायकडं पाहालं, गुडघ्यावर रिकामेच होते. माहा हात बांगड्या वाजवाले उठला होता. मी थो खाली घेतला, पदर मागं टाकला.

"मामाजी," मी म्हणलं, "तुमची काठी दवाखान्यातच राहिली."